बेटी लूचा फ्रॉक

फिल्म सोसायटीच्या त्या भारलेल्या वर्षांत पाहिलेल्या मूकपटांमध्ये माझा सर्वांत लाडका ‘इट’. १९२७ सालचा, पॅरामाउंटचा. लोखंडी घडीच्या खुर्च्या, प्रोजेक्टरची घरघर आणि पडद्यावर क्लारा बो! तिने नुसते डोळे वर करून पाहिलं तरी अख्खा हॉल खुलायचा.

गोष्ट न्यूयॉर्कची. बेटी लू वॉल्थॅमच्या भव्य दुकानात काउंटरवर उभी राहणारी मुलगी. दुकानाचा तरुण मालक सायरस वॉल्थॅम पहिल्याच नजरेत तिच्या मनात भरतो. तो रिट्झमध्ये जेवायला जाणार हे कळताच ती त्याच्या मित्राला, माँटीला, आपल्याला तिथेच न्यायला लावते. पण रिट्झला घालायचं काय? खोलीतली मैत्रीण मॉली कात्री घेते आणि बेटी लूच्या अंगावरच तिचा कामावरचा फ्रॉक कापू लागते. बघता बघता पार्टीचा पोशाख तयार! आईच्या जुन्या साडीचं परकर-पोलकं घालून ज्यांनी दिवाळी मिरवली, त्यांना या प्रसंगातला आनंद समजावून सांगायला नको. क्लारालाही तो कोणी शिकवला नसावा. ब्रुकलिनच्या गरिबीत वाढलेली ही पोर १९२१ मध्ये मासिकाची स्पर्धा जिंकून सिनेमात आली होती. ‘इट’ केला तेव्हा ती जेमतेम २१ वर्षांची होती.

मग ती मालकाला कोनी आयलंडच्या जत्रेत नेते. घसरगुंड्या, हॉट डॉग, गर्दीतली धक्काबुक्की; तो कोट्यधीश शाळकरी पोरासारखा खिदळतो.

पण माझ्या मनात घर करून राहिलाय तो पुढचा भाग. मॉलीचं तान्हं बाळ समाजसेविका काढून नेऊ पाहतात, तेव्हा बेटी लू ‘बाळ माझंच’ म्हणून ठणकावते. (तिथे वार्ताहराच्या इवल्याशा भूमिकेत गॅरी कूपर दिसतो!) ही वार्ता वॉल्थॅमपर्यंत जाते. तो तिला हिरे देऊ करतो, ऐषआराम देऊ करतो, फक्त लग्नाचं नाव काढत नाही. आणि श्रीमंत नवऱ्याची स्वप्नं पाहणारी ही मुलगी रडत रडत का होईना, त्याच्याकडे पाठ फिरवून निघून जाते. हलक्याफुलक्या प्रेमपटाने दुकानातल्या मुलीला एवढा ताठ कणा द्यावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं. शेवटी यॉट, पाण्यातल्या उड्या, मनोमीलन हे सगळं यथासांग होतं आणि तेही गोड आहे.

हा चित्रपट हरवला असंच बरीच वर्षं मानलं जात होतं. १९६० च्या दशकात त्याची एक प्रत प्रागमध्ये सापडली. २००१ मध्ये अमेरिकेने त्याला आपल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत स्थान दिलं आणि १ जानेवारी २०२३ पासून तिथे तो स्वामित्वहक्कातूनही मोकळा झाला. सव्वा तासाच्या आतच संपतो. फराळ आटोपला की घरातल्या सगळ्यांना, विशेषतः मुलींना, जवळ बसवा आणि हा चित्रपट नक्की पाहा.