चौथा पाय

‘आयसी उडाली’ हे निदान भिवंडीत फार लवकर होतं. बोर्ड बंद पडला की दुकानात वरवर नजर टाकतात, नवी आयसी बसवतात, आणि तीही गेली की बोर्ड भंगारात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. विकतचा बोर्ड दुसरा आणता येतो. घरी केलेला बोर्ड जगात एकच असतो. त्यामागे कुणाच्या तरी रात्री गेलेल्या असतात.

शांतीनगरच्या एका गाळ्यातून आलेला असाच एक बोर्ड माझ्या टेबलावर आला. करणारा डिप्लोमाचा विद्यार्थी, वडिलांचे साधे यंत्रमाग. बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की मागाचा काटा सरकतो. मुलाने काट्यापाशी छोटा स्विच बसवला होता, आणि स्विच मिटला की बोर्ड रिलेमार्फत मोटरचा काँटॅक्टर सोडायचा. डिझाइनची प्रिंट तांब्याच्या पत्र्यावर इस्त्रीने उतरवलेली, फेरिक क्लोराइडमध्ये धुतलेली, भोकं हाताने पाडलेली. मधोमध सॉकेटमध्ये अठ्ठावीस पायांची एटीमेगा ३२८पी. तक्रार एवढीच की माग सुरू केला की लगेच थांबतो. दुकानातल्या सल्ल्यावरून त्याने आयसी बदलली होती. ती दोन दिवस चालली आणि पुन्हा तेच. सुदैवाने काढलेली आयसी त्याने टाकून दिली नव्हती, कागदाच्या पुडीत जपून आणली होती.

या आयसीचं घराणं नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचं. तिथल्या तंत्रसंस्थेत शिकणाऱ्या आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोघांनी त्याची मूळ रचना केली, अ‍ॅटमेलने ती बाजारात आणली, आणि २०१६ मध्ये अ‍ॅटमेलच मायक्रोचिपकडे गेली. आर्डुइनोच्या बोर्डांमुळे ही आयसी आपल्याकडे घरोघर पोचली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती सहज मिळते, म्हणूनच बहुधा ती इतक्या सहज फेकलीही जाते.

‘लाइटमुळे गेली’ हा दुसरा तयार निष्कर्ष. वीज हा भिवंडीचा जुना दुखरा विषय आहे. २००७ च्या जानेवारीत महावितरणने इथलं वितरण फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे दिलं तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष इकडे होतं. पण विषय जुना म्हणून प्रत्येक मेलेल्या आयसीचा दोष लाइटवर टाकता येत नाही. तो मोजावा लागतो. बोर्डावरचा तुसाचा आणि खळीचा थर आधी ब्रशने काढला. मग व्होल्टेज मोजलं, तेही रेग्युलेटरपाशी नाही तर आयसीच्या सातव्या आणि आठव्या पायावर, कारण घरच्या बोर्डात मधला ट्रॅक तडकलेला असू शकतो. ४.९८ व्होल्ट. स्थिर. आयसी गार. प्रोग्रामर जोडून तिची ओळख विचारली, तर १ई ९५ ०एफ असं अचूक उत्तर आलं. म्हणजे ‘उडालेली’ आयसी शुद्धीवर होती आणि स्वतःचं नाव नीट सांगत होती.

मग ती सॉकेटमधून काढली आणि मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर लावला. लाल टोक ग्राउंडवर, काळं एकेका पायावर. प्रत्येक पायामागे आतल्या बाजूला संरक्षक डायोड असतो, म्हणून चांगला पाय साधारण ०.५ ते ०.७ दाखवतो. पहिला पाय ठीक, दुसरा ठीक, तिसरा ठीक. चौथ्यावर आकडा कोसळून शून्यावर आला. ग्राउंडचे आठवा आणि बाविसावा पाय सोडले तर बाकी सगळे निरोगी. चौथा पाय म्हणजे काट्याच्या स्विचची तार जिथे येते तोच. तो आतून ग्राउंडला चिकटला होता, म्हणून आयसीला बाणा कायमच तुटलेला दिसत होता.

पुडीतली जुनी आयसी तशीच तपासली. तिचाही चौथा पाय मेलेला.

एक मेली असती तर नशिबावर ढकलता आलं असतं. दोघी एकाच पायाने गेल्या, तेव्हा मारणारा त्याच वाटेने आत येत होता यात शंका उरली नाही. मी गाळ्यात जाऊन तार पाहिली. ती काट्यापासून बोर्डापर्यंत मोटरच्या वायरींना गुंडाळून आणली होती, दिसायला अगदी नीटनेटकी. काँटॅक्टरच्या कॉइलचा प्रवाह तुटतो तेव्हा तिच्यातलं चुंबकक्षेत्र कोसळतं आणि क्षणभर शेकडो व्होल्टचा झटका उठतो. शेजारच्या तारेत त्याचा थोडा अंश उतरला तरी पुरे, कारण या आयसीला सहा व्होल्टच्या वर काहीच सोसत नाही. संरक्षक डायोड बारीकसारीक झटके गिळतात. माग दिवसभर चालू-बंद होणार असेल तर ते तरी किती गिळणार?

ताण्याचा एक धागा तुटला म्हणून विणकर बीम उतरवत नाही. इथेही तार पाचव्या पायावर नेऊन, प्रोग्राममध्ये बदल करून तीच आयसी चालवता आली असती. टेबलावर चालवून पाहिलीही. पण मागावर मी ती लावू दिली नाही. मार खाल्लेल्या चिपच्या आत आणखी काय दुखावलं आहे हे मल्टिमीटर सांगू शकत नाही, आणि धोटा बदलायला माणूस हात घालतो तिथली मोटर अशा चिपच्या भरवशावर सोडणं मला मान्य नाही.

नवी आयसी शेवटी बसवली. आधी स्विचची तार मोटरच्या वायरींपासून लांब नेली, तिच्या वाटेत पीसी८१७ ऑप्टोकपलर घातला, आणि झटका जिरवायला काँटॅक्टरच्या कॉइलवर शंभर ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर लावला. त्यानंतर माग विनाकारण थांबलेला नाही.

घरी बोर्ड करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. बोर्ड चांगला चालत असतानाच वीज काढून आयसी सॉकेटमधून उतरवा, अठ्ठावीस पायांची मापं वहीत लिहून ठेवा, आणि काढलेली आयसी कारण सापडेपर्यंत फेकू नका.