पाण्याचं मीटर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त भाचीचं.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय. "अरे, इंजिनीअर झाली पोरगी, आणि आता अप्रेंटिस म्हणून जाते म्हणते! ते आयटीआयची मुलं करतात ना?"

झालं होतं असं, की पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या भाचीला चाकणच्या एका कारखान्यात वर्षभराची शिकाऊ उमेदवारी मिळत होती. कामाचं नाव झकास, 'सस्टेनेबिलिटी'. विद्यावेतन मात्र नातेवाइकांना सांगावंसं वाटणार नाही इतपतच. दुसरीकडे याच विषयाचा एक सर्टिफिकेट कोर्स होता. एसी वर्ग, भरपूर फी. ताईचा कल अर्थातच कोर्सकडे. "तू समजाव तिला, तुझं ऐकेल."

आता माझं ऐकेल म्हणजे पंचाईतच. कारण मी स्वतः अप्रेंटिस होतो.

२००४ साल. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून भोसरीच्या एका कारखान्यात चिकटलो. मित्रांना मशीन शॉप मिळालं आणि मला युटिलिटी. म्हणजे बॉयलर, कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवर आणि सांडपाण्याचा ईटीपी. सस्टेनेबिलिटी हा शब्द तिथे कुणाच्या तोंडून ऐकला नाही. माझं काम एकच, दर दोन तासांनी फिरायचं आणि रीडिंग लिहायचं. विजेचं, वाफेच्या दाबाचं, पाण्याचं. इतकं कंटाळवाणं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

आणि मग, खरं सांगतो, मी ते करणं सोडून दिलं. कूलिंग टॉवरला जाणाऱ्या पाण्याचं मीटर होतं पार मागच्या भिंतीजवळ. रात्रपाळीत तिथे अंधार आणि कुत्री. मागच्या पानांवरून साधारण अंदाज यायचा, दोन तासांत किती वाढतं त्याचा. मी बसल्या जागी आकडे वाढवत गेलो. तीन रात्री. कुणाला काही कळलं नाही. रकाने सुबक भरलेले.

चौथ्या दिवशी फोरमनकाकांनी बोलावलं. लॉगशीट पुढे ठेवली आणि शांतपणे विचारलं, "काय रे, हे रीडिंग कुठून आणलंस? मीटर परवा दुपारीच काढून दुरुस्तीला पाठवलंय."

काय बोलणार! जमीन दुभंगली असती तर बरं, असं वाटलं. ते ओरडले नाहीत, वर तक्रारही केली नाही. म्हणाले, "मीटर नाही ना, मग बादली घे." एक वीस लिटरची बादली आणि माझ्या मनगटावरचं घड्याळ. टाकीपासून कूलिंग टॉवरपर्यंत, तिथून ईटीपीपर्यंत, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते चालत शोधायचं आणि जिथे बाहेर पडतं तिथे मोजायचं. दोन दिवस तेच केलं.

दुसऱ्या दिवशी सापडलं. टॉवरच्या तळटाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता. जादा पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट गटारात जात होतं, आणि तो पाइप भिंतीपलीकडे उघडत असल्यामुळे दिसत नव्हता. बादली चाळीस सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला ३० लिटर, दिवसाला ४३ हजार. दहा हजार लिटरचे चार टँकर! आणि आमच्याकडे त्या उन्हाळ्यात टँकर विकत घेणं चालू होतं.

सर्वांत जास्त बोचलं ते हे, की माझ्या आकड्यांत ते पाणी सुरळीत होतं. मागच्या आकड्यांवरून पुढचे केले, म्हणजे गळतीसुद्धा नेमाने पुढे ढकलत होतो.

व्हॉल्व्ह बदलला. शाबासकी वगैरे काही मिळाली नाही. वर्ष संपल्यावर कंपनीने नोकरीही दिली नाही. कायद्याने ती द्यावीच लागते असं नाही, हे मी ताईला आणि भाचीला दोघींनाही सांगितलं. पण पुढे ऊर्जा लेखापरीक्षण करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मुलाखतीला गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, मीटर नसेल तर प्रवाह कसा मोजशील? मी बादलीची गोष्ट सांगितली. तिथेच चिकटलो. नंतर ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची चार पेपरांची परीक्षा दिली. त्यातले बॉयलर आणि कॉम्प्रेसर माझ्या ओळखीचे निघाले. हवेच्या लाइनला तीन मिलिमीटरचं भोक असेल तर सुमारे तीन किलोवॅट वीज वाया जाते, हे पुस्तकात वाचताना मला ती शिट्टीसारखी फुसफुस ऐकू यायची.

आता काळ बदललाय. सेबीने २०२१ साली 'बीआरएसआर' हा अहवाल आणला आणि २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना तो बंधनकारक केला. वीज, पाणी, कचरा, कार्बन, सगळं लिहून द्यायचं. मोठ्या कंपन्या मग माल पुरवणाऱ्यांकडेही आकडे मागतात. भाचीचं काम त्यातलंच. चकचकीत अहवालात छापलेला प्रत्येक आकडा कधीतरी कुणीतरी मागच्या भिंतीजवळ जाऊन वाचलेला असतो. किंवा नसतो. हा फरक कोर्समध्ये शिकवता येत असेल, पण मला तरी तो पकडला गेल्यावरच कळला.

ताईला म्हटलं, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात पदवीधरांनाही १९७३ पासून जागा आहे, त्यात कमीपणा कसला? कोर्स काय, वर्षभराने करता येईल. तोवर काय विचारायचं ते तरी तिला कळलेलं असेल. भाचीला मात्र एकच सांगितलं. रीडिंग चुकलं तर रकाना रिकामा ठेव, 'घेतलं नाही' असं लिही. बोलणी बसतील, बसू देत.

ती हसली. म्हणाली, "मामा, तू खरंच तीन रात्री खोटं लिहिलंस?"

हो गं बाई, लिहिलं. आज इथेही लिहितोय.

सोमवारी रुजू होतेय ती. ताई अजून नाराजच आहे. पण काल बाजारातून जाड मोज्यांचे चार जोड घेऊन आली. सेफ्टी शूज चावतात म्हणे.