खाटेशेजारी कोण असतं?

घरी जाऊन शुश्रूषा करणारी परिचारिका म्हणून मी जुन्नर-आंबेगावात फिरते. फायलीत लिहिलेलं असतं: लकवा, मधुमेह, मोडलेला खुबा, शेवटच्या टप्प्यातला कर्करोग. पण दिवसभर त्या माणसाजवळ कोण असतं, हे कुठल्याच फायलीत नसतं. ते घरात शिरल्यावरच कळतं.

नारायणगावच्या बाजूला टोमॅटोचा तोडा सुरू झाला की घरात माणूस सापडत नाही. मुलगा चाकणला कंपनीत, सून दिवसभर वावरात. डिंभे धरणाच्या वर, आहुपे खोऱ्यात, उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करणं आणि पावसात भाताची आवणी. दर दोन तासांनी कूस बदला म्हणून सांगावं, तर कूस बदलणारे हात चिखलात.

लकवा झालेल्या एका आजींच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. "उकाड्यानं झालं असंल, सिस्टर. रोज तेल चोळते," सून म्हणाली. मी बोटानं दाबून दाखवलं. चांगली कातडी दाबली की क्षणभर पांढरी पडते. इथली लाली हटेना. एकाच जागी पडून होणाऱ्या जखमेची ही पहिली पायरी. तिथं चोळलं तर आतली कातडी आणखी दुखावते, म्हणून तेल बंद केलं. मग कूस बदलण्याच्या पाळ्या घड्याळावर न लावता सुनेच्या कामांवर लावल्या: धार काढून आली की डावी कूस, भाकरी झाल्या की उजवी, वावरात निघताना पुन्हा डावी. मधल्या वेळेला शेजारच्या काकू, शाळा सुटल्यावर नातू. टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून पोटऱ्यांखाली जुन्या गोधडीची गुंडाळी. पुढच्या खेपेला चट्टा फिका झाला होता.

लघवीची पिशवी कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. खाट बुटकी असेल तर पायांखाली विटा लावायच्या. नाकातल्या नळीनं भरवताना आणि त्यानंतरही अर्धा-पाऊण तास डोकं उंच. फ्रिज नसेल तिथं इन्सुलिन ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात. प्राणवायूचं यंत्र आणण्याआधी वीज किती वेळ जाते ते विचारायचं आणि भरलेलं सिलिंडर जवळ ठेवायचं. दिवेलागणीनंतर उसाच्या कडेनं बिबट्याच्या धास्तीनं कुणी फिरत नाही. तेव्हा रात्रीचं इन्सुलिन सिस्टरच्या भरवशावर ठेवून चालत नाही, घरातल्याच कुणाला तरी टोचायला शिकवावं लागतं.

हे 'घरातलं कुणीतरी' म्हणजे बहुतेक वेळा सूनच. तिची कंबर धरलेली, झोप अर्धवट, आणि तिला कुणी विचारत नाही. आशाताईंची मदत मागावी, तर त्यांच्यावर बाळंतपणं, लसीकरण, सर्वेक्षणं आधीच लादलेली. म्हणून मी रुग्णाचा रक्तदाब घेतला की सुनेचाही घेते आणि तिला दुपारी तासभर कोण मोकळं करील, तेही ठरवून टाकते. ती आजारी पडली, तर त्या घरात एकाच्या दोन खाटा होतात.