स्पर्धा करा, पण दार उघडं ठेवा

प्रति,
स्टीम, एपिक गेम्स स्टोअर, जीओजी आणि संगणकावरचे खेळ विकणाऱ्या सर्व डिजिटल दुकानांना,



हे पत्र मानोऱ्याहून लिहितो आहे. वाशीम जिल्ह्यातलं हे तालुक्याचं ठिकाण. पोहरादेवीमुळे देशभरातले बंजारा भाविक आमचा तालुका ओळखतात. कापूस, तूर आणि सोयाबीनवर इथली घरं चालतात. खेळाची अस्सल सीडी अशा गावापर्यंत क्वचितच पोचायची. पेनड्राइव्हवरून हातोहात फिरणारी चोरीची प्रत, हीच इथल्या पोरांची खेळांशी ओळख होती.

तुम्ही आलात आणि हे चित्र पालटलं, म्हणून आधी आभार मानतो. व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये स्टीम सुरू केलं. जून २०१५ पासून पैसे परत मिळण्याची सोय झाली: खरेदीला चौदा दिवस झालेले नसावेत आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा. त्याच वर्षी नोव्हेंबरात किमती रुपयांत दिसू लागल्या. आज इथला एखादा मुलगा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पन्नास-साठ जीबीचा खेळ उतरवायला लावतो. मध्येच लाइट जाते. लाइट आली की काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं. ज्यांनी ही सोय घडवली त्यांना मानोरा ठाऊक नसेल, पण मानोऱ्याला त्या सोयीची किंमत कळते.

पुढे तुमच्यात चुरस लागली, तीही चांगलीच झाली. डिसेंबर २०१८ मध्ये एपिकने दुकान उघडलं आणि विक्रीतला फक्त १२ टक्के वाटा घेऊ, असं जाहीर केलं. तोवर ३० टक्के हाच जणू नियम होता. त्याच सुमारास स्टीमनेही आपला वाटा कमी केला, पण मोठ्यांसाठी. एखाद्या खेळाची विक्री एक कोटी डॉलरच्या वर गेली तर २५ टक्के, पाच कोटींच्या वर गेली तर २० टक्के. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टचं दुकानही १२ टक्क्यांवर आलं. जून २०२५ पासून तर प्रत्येक खेळाच्या वर्षातल्या पहिल्या दहा लाख डॉलरवर एपिक काहीच घेत नाही. शेजारी दुसरं दुकान नसतं तर यातलं फारसं काही घडलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

हे वाचलेले टक्के कुणाच्या घरात जातात ते पाहायला पुण्यापर्यंत यावं लागेल. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ घडवला. हरवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली राजी. तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू. आणि मधूनमधून सावल्यांच्या बाहुल्यांनी रंगवलेले प्रसंग. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी चमूने हात टेकले नाहीत. एपिककडून त्यांना अनुदान मिळालं. ऑगस्ट २०२० मध्ये खेळ आधी निंटेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरात तुमच्या दुकानांत. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळालं. अशा चमूचा पाचशे रुपयांचा खेळ विकला गेला, तर कर बाजूला ठेवून, ३० टक्क्यांनी दीडशे रुपये दुकानाचे होतात आणि १२ टक्क्यांनी साठ. मधले नव्वद रुपये म्हणजे पुढच्या खेळाच्या चित्रकाराचा पगार. सर्वांत जास्त टक्के सर्वांत लहान चमूकडून घ्यायचे, हा हिशेब मला पटत नाही.

आता तक्रार. चुरशीतली तुमची बरीचशी ताकद आम्हाला आत ओढण्यात आणि आत ठेवण्यात खर्च होते आहे. २०१९ मध्ये ‘मेट्रो एक्झोडस’ ऐन प्रकाशनाच्या तोंडावर स्टीमवरून उचलला गेला आणि वर्षभर एपिककडेच राहिला. एपिकने पहिल्या नऊ महिन्यांत फुकट खेळ वाटण्यासाठी सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर मोजले आणि त्यातून जवळपास पन्नास लाख नवी खाती मिळवली, हे पुढे अॅपलविरुद्धच्या खटल्यातल्या कागदपत्रांतून बाहेर आलं. मे २०२० च्या टाळेबंदीत ‘जीटीए फाइव्ह’ फुकट मिळाला, तेव्हा एवढी झुंबड उडाली की दुकानच काही तास कोलमडलं. पोरांना आनंद झाला आणि तो खराच होता. पण खात्यात शंभर खेळ साठले की दुसऱ्या दुकानाकडे पाय वळत नाही, कारण इथला खेळ तिथे नेता येत नाही.

विदर्भातल्या माणसाला ही गोष्ट नवी नाही. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. खाजगी व्यापाऱ्याच्या लुटीतून शेतकरी सुटावा, हा तिचा हेतू होता आणि सुरुवातीला भावाचा आधारही मिळाला. पण विकायचं दार एकच. चुकारे रखडले, शेजारच्या राज्यात भाव चढला, तरी कापूस सीमेपलीकडे न्यायला बंदी. खरेदीदार भला असला तरी दुसरीकडे जायची मोकळीक नसली की त्याच्या भलेपणावर जगावं लागतं, हे आमच्या आधीच्या पिढीने सोसून जाणलं.

तुमच्यापैकी बहुतेकांकडेही ती मोकळीक अजून नाही. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे घेण्याआधी स्पष्ट सांगतं, की आपण खेळ विकत घेत नसून वापरण्याचा परवाना घेत आहोत. त्याचा अर्थ काय होतो, ते ‘द क्रू’ हा खेळ विकत घेतलेल्यांना त्याआधीच कळलं होतं. युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही गेला. याउलट जीओजी २००८ पासून कुलूप नसलेले खेळ विकतं. फाइल उतरवून घरच्या हार्ड डिस्कवर ठेवली, की उद्या इंटरनेट नसलं, दुकान नसलं, तरी खेळ चालतो. म्हणजे हे अशक्य नाही.

म्हणून तुमच्याकडे चार मागण्या करतो. जिथे शक्य आहे तिथे प्रत्येक खेळाची अशी स्वतंत्र प्रत द्या. ज्या दुकानात वाटा कमी, तिथे किंमतही कमी ठेवायची मुभा चमूला असू द्या. स्टीम ती देत नाही, असा आरोप करत वुल्फायर गेम्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये अमेरिकेत दावा लावला आहे. व्हॉल्व्हला तो मान्य नाही, पण मुभा आहे असं लेखी जाहीर केलं तर शंकाच उरणार नाही. वाट्यातली सवलत लहान चमूपासून सुरू करा. आणि स्टीमच्या भाषांच्या यादीत थाई आहे, व्हिएतनामी आहे, तशी मराठीही येऊ द्या. पैसे देताना आपण काय कबूल करतो आहोत, हे माझ्या गावातल्या मुलाला त्याच्या भाषेत वाचता आलं पाहिजे.

तुमच्यापैकी कोण मोठं, यात आम्हाला रस नाही. जे दुकान सोडून जाताना घेतलेलं सोबत नेता येईल, त्या दुकानात आम्ही आपणहून परत येऊ. तोवर एकच खेळ दोन ठिकाणी मिळत असेल, तर मी तो कुलूप नसलेल्या दुकानातून घेईन, दोन पैसे जास्त पडले तरी, आणि इथल्या पोरांनाही तेच सांगेन.

कळावे.

आपला,
मानोऱ्याचा एक ग्राहक
मु. पो. ता. मानोरा, जि. वाशीम