गाडी शहरासाठी घे, तपास घाटासाठी

सातारा

चि. मनू हिस,


काल दादाचा फोन आला होता. तू जुनी गाडी घ्यायचं म्हणतेस आणि घरात तीन मतं आहेत असं कळलं. दादा म्हणतो, मोठी घे, डिझेल घे, गावी जायला बरी. वहिनीला नवीनच हवी. आणि तुला आत्याचं मत हवंय. फोनवर सांगितलं तर तू 'हो आत्या, हो आत्या' करशील आणि दुसऱ्या दिवशी विसरशील, म्हणून लिहूनच पाठवते.

आधी दादाचं बघू. त्याच्या डोळ्यांसमोर देवरुख आहे. गणपतीला, शिमग्याला आणि जमलं तर मे महिन्यात आंब्याला, एवढीच तिथली वारी. बाकीचं वर्षभर गाडी कर्वेनगरच्या सोसायटीत दोन खांबांच्या मधे उभी राहणार आणि सकाळी हिंजवडीच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकणार. निवड या दिवसांकडे बघून कर. चार मीटरच्या आतली, १.२ लिटर पेट्रोलची हॅचबॅक चौघांना आणि सामानाला घेऊन आंबा घाट व्यवस्थित चढते. फार तर दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. त्यात कमीपणा काय?

डिझेलचा विचार तर सोडूनच दे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ आलं. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मधूनमधून हायवेवर बराच वेळ सलग, वेगात चालावी लागते. तुझ्या त्या रांगेत तो तुंबणार आणि डॅशबोर्डवर दिवा लागणार. त्याआधीची डिझेल स्वस्तात दाखवतील. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे बऱ्याच दिसतात. पण परराज्यातली गाडी घेतलीस की तिथल्या आरटीओची एनओसी आण, महाराष्ट्राचा कर नव्याने भर, नंबर बदलून घे, हे सगळं तुझ्या मागे लागेल. एमएच १२ किंवा १४ मिळत असताना ही उस्तवार कशाला?

सीएनजी खिशाला परवडतो, हे खरं. पण टाकीने डिकी खाल्ली की गणपतीला चौघांच्या बॅगा कुठे ठेवणार? तरी घेतलीसच, तर किटची नोंद आरसीवर आहे का बघ. टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, तिची तारीखही बघ. ऑटोमॅटिकला माझी ना नाही. स्वस्तातली बहुतेक एएमटी असते. ती रांगेत डाव्या पायाला आराम देते, पण चढावर अ‍ॅक्सिलरेटरच्या जोरावर उभी धरायची सवय असेल तर क्लच जाळते. आधीच्या चालकाला ती सवय होती का, हे चढावर गाडी थांबवून पुन्हा काढताना कळेल. हिसके देत असेल तर सोड.

मॉडेलवर फार डोकं लावू नकोस, पण साल जरूर बघ. जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीत चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांत यायला २०२२ उजाडलं. त्याआधीच्या गाडीत दोन्ही एअरबॅग आहेत का, हे व्हेरिएंटवर ठरतं. इग्निस २०१७ सालापासून आणि स्विफ्ट २०१८ सालापासून त्या सगळ्या व्हेरिएंटमध्ये देत आल्या. ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत त्याच स्विफ्टला दोनच तारे मिळाले, २०२० साली टियागोला चार मिळाले. मला विचारशील तर स्वच्छ इतिहासाची टियागो किंवा इग्निस. इग्निसची पोटाखालची जमिनीपासूनची उंची १८० मिलिमीटर आहे, सोसायटीतल्या गतिरोधकांना ती बरी. फोर्ड फिगो चालवायला छान, पण फोर्डने २०२१ साली इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. शेव्हरोले तर २०१७ अखेरीसच विक्री थांबवून गेली. पहिल्या गाडीसाठी सुट्या भागांच्या मागे धावायची हौस नको.

फार जुनीही नको. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे फिटनेस करून ती नव्याने घ्यायची आणि वर पर्यावरण कर भरायचा. शिवाय आताचं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं. २०२३ नंतरच्या गाड्या त्या हिशोबाने बनल्या आहेत. त्याआधीची घेतलीस तर इंधनाचे पाइप आणि रबराचे भाग तपासून घे.

आता घाटाचं. तपासताना मात्र गाडी उद्याच आंबा घाटात न्यायची आहे असं समजून तपास. सपाट रस्त्यावर लपलेलं सगळं चढ-उतारावर उघडं पडतं.

क्लचसाठी एक सोपी परीक्षा आहे. मोकळ्या जागी गाडी उभी करून हँडब्रेक ओढ, तिसरा गिअर टाक आणि थोडा अ‍ॅक्सिलरेटर देत क्लच सोड. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं तर प्लेट चांगली. ते घरघरत राहिलं तर प्लेट गेलेली आहे. ही परीक्षा एकदाच करायची, उगाच चार-चारदा नाही. मग चांदणी चौकाच्या चढावर तापेपर्यंत चालव आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेव. उतारावर दुसऱ्या गिअरवर सोड, ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरतं का, गाडी एका बाजूला ओढते का ते बघ. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी टायर जुने असतील तर ते बदलायचे धरून भाव कर, चार टायरचे पंधरा-वीस हजार सहज होतात.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला शीक. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, कितीतरी गाड्या दिवस दिवस गाळात उभ्या होत्या. विकताना कोणी आपणहून तसं सांगत नाही. धुऊन, पॉलिश करून, अत्तर मारून आणलेली गाडी दिसायला झकास असते. अशा वेळी मागचा सीटबेल्ट पूर्ण ओढून काढ, अगदी शेवटपर्यंत. आत गुंडाळलेला तो शेवटचा हातभर पट्टा सहसा कोणी धूत नाही. त्यावर मातकट रेघ किंवा कडकपणा दिसला तर पुढे काही बोलू नकोस, चहा पिऊन परत ये. तशीच स्टेपनीखालची खोलगट जागा आणि सीटच्या रुळांचे स्क्रू बघ. पेट्रोल गाडीत ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी जात असेल, ती गाडीही सोड.

अपघाताची खूण बॉनेटच्या बोल्टवर सापडते. डोक्यावरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलाय. दारांच्या काचांवर बारीक अक्षरांत बनावटीचा शिक्का असतो. सगळ्यांवर एकाच कंपनीचा आणि एकाच सालाचा असला तर ठीक. एक वेगळी निघाली तर का, ते विचार. आणि तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं. मीटरपेक्षा माझा त्या रबरावर जास्त विश्वास आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे नोंदी असतात, त्या मालकालाच काढून द्यायला सांग.

कागदांत मी अजिबात ढिली पडणार नाही, तूही पडू नकोस. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, सगळं दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. ई-चलनं विकणाऱ्याने भरायची. एजंट तुला कोऱ्या, सह्या केलेल्या फॉर्म २९ आणि ३० चा संच दाखवील, त्याला ते टीटीओ म्हणतात. 'नाव नंतर चढवू मॅडम' असं म्हणाला तर समज की गाडी आधीच दोन-तीन हातांतून फिरली असेल. कायद्याने खरेदीदाराने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. विम्याला तर तेवढाही वेळ नाही, चौदा दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला टाकावी लागते. नाहीतर गाडी ठोकली तर दुरुस्तीचा खर्च आपल्याच खिशातून. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तेवढा फरक तुला भरावा लागेल. जुना फास्टॅग त्याला बंद करायला सांग. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी पाटी बसलीय का बघ.

भावाचं एक हत्यार हातात राहू दे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवीच स्वस्त झाली म्हटल्यावर जुनीला आधीचा भाव कसा मिळेल? विकणारा 'मी इतक्याला घेतली होती' म्हणाला तर त्याच मॉडेलची आजची शोरूमची किंमत त्याला दाखव. वहिनीचं नव्याचं म्हणणं त्यामुळे अगदीच सोडून देण्यासारखं नाही. दोन-तीन वर्षांची जुनी आणि नवी यांत फार फरक राहत नसेल तर नवी घे, मी तिच्या बाजूने. पण तू अजून चालवायला शिकते आहेस, आणि पुण्यात पहिल्या वर्षी दारं-बंपर घासले जाणारच. म्हणून माझं मत चार-पाच वर्षांच्या, पहिल्या मालकाच्या, एमएच १२ किंवा १४ च्या पेट्रोल गाडीला. ठरवलेल्या रकमेतले चाळीस-पन्नास हजार बाजूला ठेव. घेतल्या घेतल्या ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड बदलून घ्यायचं, बॅटरी आणि ब्रेक पॅड बघून घ्यायचे.

रविवारी बघायला जाणार असशील तर सकाळी लवकर जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेव की गाडी आधी सुरू करू नका. थंड इंजिनाचा पहिला आवाज तुझ्या कानाने ऐक. बॉनेटवर हात ठेवून बघ, गरम लागलं तर 'संध्याकाळी पुन्हा येते' म्हण. आपला नेहमीचा मेकॅनिक सोबत ने, त्याला त्याचे पैसे दे, फुकट नेऊ नकोस. आणि टोकन देण्याआधी आरसीचा फोटो मला पाठव.

तुझी,
आत्या