जोर अडला होता पाइपात

सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीत आम्ही सगळ्यांत वर राहतो, डोक्यावर लगेच गच्ची आणि टाकी. अशा घरात पाण्याला जोर कमीच. पाणी जितक्या उंचीवरून येतं तितका दाब. दहा मीटरला साधारण एक बार. तळमजल्याला तीन मजल्यांची उंची जास्तीची मिळते, आम्हाला ती नाही. तरी न्हाणीघरातल्या नळाची धार करंगळीएवढी झाली, तेव्हा दोष टाकीच्या उंचीचा नव्हता. स्वयंपाकघरातला नळ पूर्वीसारखाच चालत होता.

दुकानदार म्हणाला, प्रेशर पंप बसवा. प्लंबरकाकांना ते पटलं नाही. "ताई, आधी पाणी कुठे अडतंय ते बघू. या लाइनीला पंप लावलात तर सांधे गळायला लागतील."

नळाची जाळी काढली, वाळू निघाली, धुवून लावली, फरक शून्य. मग गच्चीवर कॉक पाहिला. जुन्या कॉकचं चाक कधी कधी नुसतंच फिरतं, आतली पट्टी खालीच अडकलेली असते. आमचा ठीक होता. पुढचा युनियनचा सांधा सोडताच पाणी भसकन आलं. म्हणजे रोग खाली, पाइपात.

काकांनी गिझरमागचा आडवा तुकडा कापला. बाहेरून धडधाकट अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप. आत तांबूस-काळ्या गंजाचे फोड, आणि त्यांच्यामधून एका बाजूला सरकलेलं, पेन्सिलही जाणार नाही असं भोक. जस्ताचा थर गेला की लोखंड गंजतं आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. आटे पाडताना जस्त खरवडलं जातं, म्हणून एल्बोपाशी सगळ्यांत वाईट अवस्था. व्यास निम्मा झाला की वाट चौथाईच उरते.

ॲसिड घालून साफ करण्याचा सल्लाही मिळाला होता. पातळ झालेल्या पाइपाला तो जीवघेणा; गंजाखाली भोकं असतात. आम्ही भिंतीतली लाइन तशीच बंद करून बाहेरून पाऊण इंची सीपीव्हीसी आणली, अर्धा इंची फक्त नळापाशी. भिंतीवर पाइप दिसतो. दिसू दे, उद्या गळला तर फरशा फोडाव्या लागणार नाहीत. आता बादली भरेपर्यंत ताटकळत उभं राहावं लागत नाही.

कापलेला तुकडा मी सोसायटीच्या सभेत टेबलावर ठेवला. बाकीच्या उभ्या लाइनी त्याच वयाच्या आहेत, आणि त्या उन्हाळ्याआधी बदलाव्यात असा माझा आग्रह आहे.