आज्याची का बापाची

वऱ्हाडात जुनी गाडी सहसा एका इंजिनावर म्हातारी होत नाही. मध्येच कधीतरी, नापिकीच्या किंवा पेट्रोल भडकलेल्या एखाद्या वर्षी, बोनेट उतरतं, साखळीवर इंजिन लोंबकळतं आणि त्याच्या जागी दुसरं बसतं. यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी, कुठल्याही जुन्या गॅरेजात विचारा. विलीज जीपचं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवल्याच्या हकिगती तिथं चहाबरोबर मिळतात. खुद्द महिंद्रानं जीपमध्ये ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन घातलं होतं, तर गावच्या मिस्त्रीला कोण अडवणार?

आमच्या वाट्याला आलेली गाडी १९६९ ची अ‍ॅम्बॅसेडर, मार्क टू. मूळची ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड, बंगालातल्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात हिचा नवा जन्म झाला. आजोबांनी नंबर लावून, वाट पाहून घेतली. पेट्रोलचीच, डिझेलची तेव्हा निघतच नव्हती. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढची सीट बाकासारखी सलग, त्यामुळे पुढे तिघं ऐसपैस आणि कडेवरचं पोर वेगळं. आजोबांच्या काळी तिच्यात मोठ्या कामाला निघालेली माणसं बसत, आणि बसण्याआधी पाय झटकत.

मग १९७३ चं तेलसंकट आलं आणि पेट्रोलचा भाव पुन्हा खाली बघायला तयार होईना. डिझेलला मात्र सरकारचा हात होता. इकडे १९७२ पासून सरकारची कापूस एकाधिकार खरेदी सुरू झालेली. केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा, ग्रेडरची मर्जी, आणि चुकारा हाती पडेपर्यंत दम काढायचा. विहिरीवरच्या तेल इंजिनासाठी डिझेलचा ड्रम कोठ्यात कायम भरलेला असे. ऐंशीच्या दशकात बाबांनी हिशेब केला: पाणी ज्या ड्रमवर निघतं, त्याच ड्रमवर गाडी चालली तर? आजोबा त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत, एवढं आत्या अजून सांगते.

काम मात्र फार उलथापालथीचं नव्हतं. सत्तरचं दशक संपताना कंपनीनं स्वतःच डिझेल अ‍ॅम्बॅसेडर काढली होती आणि दोन्ही इंजिनं एकाच ब्रिटिश घराण्यातली, दोन्ही १४८९ सीसी. कार्ब्युरेटर गेला, डिस्ट्रिब्युटर गेला, प्लग गेले. पंप आला, नोझल आले, हीटर प्लग आले, मोठी बॅटरी आली. नवं इंजिन जड, म्हणून गाडीचं नाक किंचित खाली झुकलं. आणि एक बदल असा, जो कुठल्याच कागदावर नोंदला जात नाही. गाडी आता किल्लीनं बंद होईना. स्टॉपरची दांडी ओढून धरावी लागे. मग दोन-तीन आचके देऊन ती नाइलाजानं थांबायची.

माझे बाबा म्हणजे ती दांडी ओढणारा हात. थंडीत हीटर लावून ते ओठातल्या ओठात आकडे मोजत, आणि तेवढा वेळ घरात कुणी बोलत नसे. सदऱ्याला धुऊनही न जाणारा वास. कुणाच्या दारी गेले की इंजिन चालूच ठेवायचे. पुन्हा स्टार्ट करण्याची कटकट नको म्हणून. त्यावरून गावोगावच्या घरांत एक रीत पडली होती. टकटक चालू असेल तर पाण्याचा तांब्या, आणि बाहेर ते आचके ऐकू आले तर चुलीवर चहा. सरकीची पोती, खताच्या गोण्या, परीक्षेला निघालेली चार-पाच पोरं, रात्री अडलेली बाळंतीण, सगळं त्या टकटकीवर वाहिलं गेलं. बाबांना शेवटी दवाखान्यात नेलं ते भाड्याच्या गाडीतून, एसी लावून, काचा बंद करून. तिला आवाज नव्हता. माझी तक्रार एवढीच आहे.

आमची गाडी गेली काही वर्षं कडुनिंबाखाली उभी होती, आता ती दुरुस्तीला काढली. अ‍ॅम्बॅसेडरला वेगळी चेसिस नसते, बॉडी हाच सांगाडा. म्हणून दाराखालचा पत्रा गंजला की प्रश्न नुसत्या दिसण्याचा राहत नाही. मिस्त्रीनं टोच्या मारून पाहिलं, टोच्या आरपार गेला. पत्र्याचं, रबराचं, वायरिंगचं बोलणं आटोपल्यावर तो हात पुसत म्हणाला, “भाऊ, पयले हे सांगा, गाडी कोनाची पायजे? आज्याची का बापाची?”

गाडी जशी होती तशी करायची, हे वाक्य मी तोवर किती सहज वापरत होतो. पण कधी होती तशी? जुन्या गाड्यांचे शौकीन म्हणतील, कारखान्यातून निघाली तशी. सरकारही तेच म्हणतं. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात; अट ही की ती मूळ रूपात हवी, बॉडी, चेसिस, इंजिन यांत मोठा फेरबदल नको. आमची गाडी वयानं पास, इंजिनानं नापास. त्यावर उपायही सुचवला गेला. त्याच जातीचं पेट्रोल इंजिन मिळू शकतं, कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीचं. आजोबांचं इंजिन तेव्हाच भंगारात गेलेलं. म्हणजे मूळपणासाठी आम्ही एक परकं इंजिन आणायचं, आणि ज्यानं घर ओढलं ते वजनावर विकायचं.

इंजिन बदलल्यावर गाडी तीच राहते का, हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला रेल्वे आठवा. किलिक निक्सन कंपनीनं ती नॅरो गेज कापसासाठी टाकली. कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जायचा, आणि १९२१ मध्ये बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरहून आलं होतं. सत्तर वर्षं त्यानं ओढलं. १५ एप्रिल १९९४ ला ते काढून डिझेल जोडलं गेलं. दारव्हा मोतीबागच्या फलाटावर त्या दिवसानंतर कुणी म्हटलं नाही की ही शकुंतला नव्हे. धूर बदलला, शिट्टी बदलली, उशीर तोच राहिला. आता तीही धावत नाही. वर्ध्याहून कळंबपर्यंत ब्रॉडगेज २०२४ मध्ये आली, चांगलंच झालं. पण शकुंतलेची आठवण काढणारी माझ्या वयाची माणसं आठवतात ते डिझेलच, आणि ती आठवण खोटी आहे असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

बाबांच्या हिशेबालाही आता आधार उरलेला नाही. मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याला अ‍ॅम्बॅसेडरचं उत्पादन थांबलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिझेलचे भाव बाजारावर सोपवले गेले. गाडी आणि ती डिझेलवर नेण्याचं कारण, दोघांनी एकाच वर्षी निरोप घेतला. मग ते इंजिन ठेवायचं कशासाठी? मायलेजसाठी नाही, किमतीसाठी तर नाहीच. एका माणसानं आपल्या बापाच्या मनाविरुद्ध, घर तगावं म्हणून घेतलेला निर्णय आहे तो, आणि तो पुसण्याला मी दुरुस्ती समजत नाही. आजोबांचा ऐटबाजपणा मला फोटोत पुरतो.

तेव्हा डिझेल राहिलं. हेड उतरलं, नोझल तपासले, पंप कॅलिब्रेशनला गेला. क्रँक मात्र याआधी इतकी घासली गेलीय की आता शेवटच्या मापावर आलीय. “या बारीले होऊन जाते,” मिस्त्री म्हणाला, “पुढच्या बारीले नाही होत.” हे त्यानं इतक्या सरळ सांगितलं की डॉक्टरांनी बाबांबद्दल तसंच सांगायला हवं होतं, असं वाटून गेलं. पुतण्या शेजारी उभा होता. तो मोबाइलवर बॅटरीची मोटर बसवणारे किट बघत होता. मी म्हटलं, माझ्यामागं बसव. तो लाजला, पण किमती बघणं काही त्यानं थांबवलं नाही.

इंजिनाचा वाद मिटला, रंगाचा जुंपलाय. लांबी खरवडली तेव्हा बाबांच्या पांढऱ्याखाली आजोबांचा क्रीम निघाला. आत्या क्रीमवर अडून बसलीय, आई पांढऱ्याशिवाय ऐकत नाही, आणि दोघींचा फोन दिवसाआड मला. मिस्त्रीला यातलं काही नको आहे. दिवाळीच्या आत ठरवा, म्हणतो. “कापूस निघाला का ट्रॅक्टरायची रांग लागते, मंग मले बोलू नका.”